एकच सौभद्र, ठाण्यात आणि पुण्यात

मासुंदाकाठी

अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट सांगणारं संगीत सौभद्र हे मुळात विनोदी नाटक आहे, हे मला ठाण्यात कळलं. पुण्यात त्याच संस्थेचा, त्याच नटसंचाचा प्रयोग पाहिला तेव्हा 'काय गायलेत!' एवढंच म्हणत बाहेर पडलो होतो. कृष्ण तोच, सुभद्रा तीच, पडदे तेच, बलरामाच्या मिशासुद्धा त्याच. तरी दोन्हीकडे जे पाहिलं ते एकच नाटक, असं छातीठोकपणे सांगवत नाही. म्हणून हा धागा.

पुण्याचा प्रयोग बालगंधर्व रंगमंदिरात, दुपारी साडेबाराचा. पुढच्या रांगांत बहुतेक सगळे सत्तरीच्या पलीकडचे. नारदाने 'राधाधर मधुमिलिंद' सुरू केलं आणि शेजारच्या आजोबांनी मांडीवर ठेका धरला, तो भरतवाक्यापर्यंत सोडला नाही. हे लोक पदाची पहिली ओळ संपायच्या आत मान डोलावतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना पाठ असतं. 'नच सुंदरी करू कोपा'ला टाळ्या आल्या आणि 'प्रिये पहा'ला जोरदार वन्स मोअर. कृष्णानेही मग हात राखून ठेवला नाही. देसकार राग असा काही फुलवला की खरंच अंगावर काटा आला. फक्त तेवढ्या वेळात 'उषःकाल' सरून द्वारकेत उन्हं माथ्यावर आली असतील, आणि रुक्मिणी बिचारी आपली अजून रुसवा सोडल्याचा चेहरा करून उभी!

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. पाठोपाठ दुसऱ्या नाटकाचा प्रयोग होता, थिएटर वेळेत रिकामं करायचं होतं. मग कात्री कुठे लागली? गद्यावर. अर्जुन यतीच्या वेषात येतो, बलराम त्याच्यावर भाळतो, त्याला मानाने घरी आणतो आणि बहिणीला त्याच्याच सेवेला लावतो, हा सगळा भाग नट घड्याळाकडे बघत बोलत होते. प्रेक्षागृहात कुणाची तक्रार दिसली नाही. पदं झाली होती ना!

ठाण्याचा प्रयोग गडकरी रंगायतनला, रविवारी संध्याकाळी. तलावपाळीवर फिरायला आलेली कुटुंबं जणू तशीच आत वळली होती. तीन पिढ्या एका रांगेत, हातात वेफर्स. माझ्या मागे एक बाई मुलाला कुजबुजत सांगत होत्या, "हा खोटा साधू आहे बरं का, त्याला मोठा भाऊ ओळखतच नाही." आधी वैताग आला, पण बलराम-यती प्रवेश सुरू झाला आणि त्या मुलापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं थिएटर हसायला लागलं. बलराम जितका भक्तिभावाने वाकतो तितका हशा वाढतो. नटालाही ते कळलं. त्याने एकेका वाक्यानंतर थांबायला सुरुवात केली, संन्यासी मान खाली घालून हसू दाबतोय, कृष्ण बाजूला उभा राहून मजा बघतोय. हा प्रवेश पुण्यात मी पाहिलाच नव्हता म्हणायला हरकत नाही.

नारदाच्या 'लग्नाला जातो मी'चंही तसंच. पुण्यात त्या पदातल्या तानेला टाळी पडली. ठाण्यात हशा पडला, कारण ज्या अर्जुनाची नवरी पळवली जाते आहे त्याच्याचसमोर नारद मजेत गात सांगतो की मी द्वारकेला लग्नाला निघालोय. प्रसंग ऐकला तर हसूच येतं.

माझं म्हणणं असं : अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली जे नाटक रंगमंचावर आणलं ते ठाण्याच्या प्रयोगाच्या जास्त जवळ असावं. त्यात शंभरावर पदं होती. साक्या, दिंड्या, कामदा अशी जुनी वृत्तं, कीर्तनातल्या नि लावणीच्या चाली, काही कानडी चाली. प्रत्येक पद दहा मिनिटं आळवलं तर शंभर पदांचं नाटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपेल. ती पदं बोलण्याच्या ओघात येऊन जाणारी होती. आपण त्यांची मैफल केली. पुणेकरांनी आता तुटून पडावं.

नारायणपेठी

पडतोच. वन्स मोअर द्यायला पद आधी ओळखीचं असावं लागतं, ही अडचण खाडीपलीकडे असू शकते.

विनोद सोडा. तुमची मांडणी छान आहे पण सोयीची आहे. किर्लोस्करांच्या सौभद्रातली सुभद्रा कोण करत होतं? भाऊराव कोल्हटकर. त्यांना किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत आणलं ते गळ्यासाठी, आणि लोक गर्दी करायचे तेही त्या गळ्यासाठी. म्हणजे पहिल्या प्रयोगापासून गाणं हे नाटकाचं आकर्षण होतंच. पुढे भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली 'स्वयंवर' नाटकाला ख्याल अंगाच्या चाली दिल्या, बालगंधर्वांचे प्रयोग पहाटेपर्यंत रंगू लागले, ते काही आकाशातून पडलं नाही. बी किर्लोस्करांच्याच काळात पेरलेलं होतं.

आणि बलरामाची फजिती बघायला मी तिकीट का काढू? तसली फजिती रोज मालिकांत बघायला मिळते. देसकार कुठे मिळतो?

चरईची_चिमणी

ठाण्याच्या प्रयोगाला मीही होते, बाल्कनीत. मासुंदाकाठी, हशा होता हे खरं, पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत. 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू झालं तेव्हा हेच थिएटर एकदम गप्प झालं. हसण्याच्या भरात असलेले लोक असे गप्प होतात तेव्हा त्याचा परिणाम वेगळा असतो. माझ्या बाजूला कॉलेजच्या चार मुली होत्या. एकीने दुसरीला म्हटलं, "हिला कोणी विचारलंच नाही ना?" मोठा भाऊ दुर्योधनाशी ठरवतो, धाकटा भाऊ अर्जुनाशी जुळवतो, दोघंही तिच्या भल्यासाठी! मला आधी कधी ते इतकं टोचलं नव्हतं. आई म्हणाली, पूर्वी या पदाला आम्ही गळा किती गोड लागलाय एवढंच बघायचो.

तेव्हा 'विनोदी नाटक' हा तुमचा शिक्का मला अर्धाच पटला.

ऑर्गनवाला

या संस्थेबरोबर मी काही प्रयोग वाजवलेत (तुम्ही पाहिलेल्या दोन्ही प्रयोगांना साथीला दुसरे होते), म्हणून आतलं थोडं सांगतो. तुम्ही सगळे प्रेक्षकांना श्रेय देताय. थोडं माइकला द्या.

ही मंडळी दोन पद्धतींनी प्रयोग करतात. कधी रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले फूट माइक, कधी प्रत्येक नटाला कॉलर माइक. फूट माइक असले की पद आलं रे आलं, नट चार पावलं पुढे येतो, मध्यभागी पाय रोवतो आणि थेट प्रेक्षकांकडे बघून गातो. त्याला पर्यायच नसतो, मागे गेला तर आवाज जातो. समोरच्या रांगेतली 'वाहवा' त्याला ऐकू येते, मान डोलावणारी माणसं दिसतात, मग तो अजून एक आवर्तन घेतो. रुक्मिणी मागे राहते, नाटक तिच्याबरोबर मागे राहतं. कॉलर माइकवर तोच नट बसून, फिरून, रुक्मिणीच्या खांद्यावर हात ठेवून गाऊ शकतो. पद तिच्यासाठी होतं. पण गायकांना कॉलर माइक आवडत नाही. श्वास ऐकू येतो, दागिने घासले की खरखर, आणि वरच्या षड्जाला माइकपासून थोडं लांब जायची सोय राहत नाही. मासुंदाकाठी, तुमच्या दोन प्रयोगांना काय होतं आठवतंय का?

आणखी एक. सौभद्रात साथीदारांची परीक्षा असते. कृष्ण साधारण काळी एक-दोनच्या पट्टीत गातो, सुभद्रा काळी चार-पाचच्या. प्रवेश बदलला की तबला बदलतो, म्हणून दोन-तीन तबले लावून ठेवावे लागतात. ऑर्गनला त्रास नाही, त्याचे सूर पत्तीचे, ते बसल्या जागी असतात. पायाने भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे, त्यामुळे गायकामागे भरणा चांगला होतो. पण तबल्याचं चामडं हवेवर चालतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा असेल तर पुडी सैल पडून स्वर उतरतो. पुण्यात कोरडी हवा, तिथे चढतो. मग वर एसी चालू झाला की तिसरंच. ऑर्गन जागेवर आणि तबला पाव सूर खाली, अशा अवस्थेत तबलजी हातोडी घेऊन विंगेत घामाघूम झालेला मी पाहिलाय आणि बाहेर प्रेक्षक म्हणतात, दोन पदांत एवढा वेळ का लागला!

मासुंदाकाठी

@ऑर्गनवाला, आठवतंय. पुण्यात फूट माइक, कृष्ण खरंच पुढे येऊन उभा राहायचा. ठाण्यात गालाला चिकटवलेला होता. 'नच सुंदरी'च्या वेळी तो रुक्मिणीभोवती फिरत होता आणि ती तोंड फिरवत होती, हेही आता लक्षात येतंय. म्हणजे माझ्या प्रबंधातला एक खांब तुम्ही काढून घेतलात. दुसरा शाबूत आहे : गद्य प्रवेशांना माइकने काय फरक पडतो? तिथे हशा पिकला तो प्रेक्षकांमुळेच.

@चरईची_चिमणी, ते पद गाळलं नाही, त्यावर काय लिहावं ते सुचलं नव्हतं. तुमच्या शेजारच्या मुलीचं वाक्य जास्त नेमकं आहे. पण हशा झाला म्हणूनच शांतता झाली, हे मान्य कराल? पुण्यात त्या पदाच्या आधीही शांतता होती, पदातही होती आणि नंतर टाळ्या. चढ-उतारच नाही.

@नारायणपेठी, देसकार ऐकायला मी सवाई गंधर्व महोत्सवाला जाईन की!

नारायणपेठी

सवाईला कृष्ण नसतो. एक माणूस रुसलेल्या बायकोला पहाट दाखवतोय, हे माहीत असून देसकार ऐकणं आणि नुसता देसकार ऐकणं यात फरक आहे. मी नाटक विसरून गाणं ऐकतो असं तुम्ही धरून चाललाय. मला नाटक पाठ आहे, त्यामुळे ते दर वेळी पुन्हा सांगायची गरज मला वाटत नाही. गोष्ट माहीत नसलेल्याला गोष्ट हवी असते, माहीत असलेल्याला ती कशी सांगतात ते हवं असतं. ठाणेकर गोष्ट बघत होते. वाईट काहीच नाही त्यात.

खारेगावचा_खवय्या

मध्यंतरातल्या वड्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. नाराज आहे. वाचतोय.

फोंडेकर

राहतो ऐरोलीला, मूळ गाव फोंडा तालुक्यात. तुमचं दोघांचं भांडण वाचून हसू येतंय, कारण आमच्याकडे दोन्ही एकदम चालतं.

गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावचीच माणसं संगीत नाटक करतात. सौभद्र, शारदा, मानापमान ही नेहमीची. आमच्या गावात बलराम वर्षानुवर्षं एकच दुकानदार करायचा. दिवसा त्याच्याकडून तांदूळ घ्यायचे आणि रात्री त्याला गदा घेऊन फसताना बघायचं. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो. लोक जेवून, चादरी घेऊन मांडवात बसतात. नाटक सगळ्यांना पाठ, अगदी नारायणपेठींसारखं. नटाने पद गाळलं तर मागून कोणीतरी पदाची पहिली ओळ मोठ्याने म्हणून आठवण करून देतो! पण तेच लोक बलरामाच्या फजितीला दर वर्षी पहिल्यांदा बघितल्यासारखे हसतात. घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो तेव्हा मुलं किंचाळतात, कारण घटोत्कच म्हणजे कुणाचा तरी काका असतो.

तिथे वेळेचं बंधन नाही, ही खरी गोष्ट. मागे दुसरा प्रयोग उभा नाही. 'प्रिये पहा' चार वेळा झालं तरी गद्याला कात्री लागत नाही, फक्त घरी जायला उजाडतं. एकदा मी खरोखरच ते पद पहाटेच्या सुमाराला ऐकलंय, बाहेर कोंबडे आरवत होते. शहरात तीन तासांत बसवायचं म्हटलं की काहीतरी कापावं लागणार. पुण्याने गद्य कापलं. ठाण्याने काय कापलं, ते मासुंदाकाठींनी सांगितलं नाही.

ऑर्गनवाला

मुद्द्याचा प्रश्न. पदंच कापली असणार बहुतेक. नट एकेका वाक्याला हशासाठी थांबत होते म्हणताय, तो वेळ कुठून आला?

मासुंदाकाठी

कापलीच. सुभद्रेची निदान दोन पदं नव्हती आणि कृष्णाची काही पदं एकेका अंतऱ्यात आटोपली. 'प्रिये पहा'सुद्धा ठाण्यात छोटंच झालं. छान होतं, पण छोटं. तेव्हा मला जाणवलं नाही, कारण नाटक पळत होतं.

फोंडेकर, तुमच्या मांडवाने आम्हा दोघांनाही गप्प केलंय. मी म्हणत होतो की पदं पाठ असणारा प्रेक्षक हसत नाही. तिथे तो हसतोय. तरी एक फरक राहतोच ना? तुमच्या गावात रंगमंचावरची माणसं प्रेक्षकांच्या ओळखीची. बलराम रोजचा दुकानदार असला की त्याच्या फजितीत आणखी एक थर येतो. किर्लोस्करांनीही तेच केलंय की एका अर्थाने. महाभारतातली माणसं आणली, पण बोलतात-वागतात आपल्या घरातल्यासारखी. बलराम म्हणजे घरातला तापट, भाबडा मोठा भाऊ. ठाण्यात माझ्या रांगेतल्या एका बाईंनी बलरामाकडे बघून नवऱ्याला कोपर मारलं होतं. त्यांच्या घरात तसा दीर असणार.

चरईची_चिमणी

किंवा नवराच.

बाय द वे, गडकरीत किर्लोस्करांचं नाटक बघताना मला नेहमी मजा वाटते. ज्यांचं नाव थिएटरला आहे ते नाटककार राम गणेश गडकरी स्वतः उमेदवारीच्या दिवसांत किर्लोस्कर नाटक मंडळीत होते, तिथल्या मुलांना शिकवायचे. म्हणजे सौभद्र त्यांच्या कानांवरून किती वेळा गेलं असेल. त्यांचं स्वतःचं 'एकच प्याला' मात्र त्यांना रंगमंचावर बघायला मिळालं नाही. 23 जानेवारी 1919 ला ते गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व मंडळींनी पहिला प्रयोग केला. 1978 साली तलावाकाठी थिएटर बांधून त्याला त्यांचं नाव दिलं, हे ठाण्याने चांगलं केलं.

सेक्टर१७

वाशीहून. मुलगी नऊ वर्षांची आहे, पेटी शिकते. आमच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात असा प्रयोग लागला तर न्यावं का? तीन तास बसेल?

फोंडेकर

घटोत्कच येईपर्यंत नक्की बसेल. पुढचं बलराम सांभाळेल.

ऑर्गनवाला

न्याच. आदल्या आठवड्यात तिला दोन पदं ऐकवून ठेवा, 'लग्नाला जातो मी' आणि 'नच सुंदरी'. ओळखीचं पद समोर आलं की मुलं खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. आणि शक्य असेल तर साथीदार दिसतील अशा बाजूची तिकिटं काढा. पेटी शिकणाऱ्या मुलीला पायाने वाजणारा ऑर्गन बघायला मिळणं आता दुर्मिळच.

तुमच्या वाशीच्या थिएटरला नाव तर अगदी योग्य माणसाचं आहे. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'त गायचा तो सूत्रधार, पात्रं नाही. किर्लोस्करांनी ते गाणं पात्रांच्या तोंडी दिलं. मासुंदाकाठी आणि नारायणपेठी ज्यावरून भांडताहेत ते भांडण तिथून सुरू होतं : गातंय ते पात्र की गायक? सूत्रधार गायचा तोवर हा प्रश्नच नव्हता.

नारायणपेठी

हे पटलं. आणि म्हणूनच मला फूट माइकचा कृष्ण खटकत नाही. पुढे येऊन गातो तेव्हा तो थोडा वेळ सूत्रधार होतो, पद संपलं की परत कृष्ण. दोन्ही बघायची सवय असली की त्रास होत नाही.

चरईची_चिमणी

पण मग रुक्मिणीने काय करायचं तेवढा वेळ? तिला ना सूत्रधार होता येत, ना ऐकणारी. कॉलर माइकमध्ये निदान तिला तोंड फिरवता येत होतं. माझं मत ठाण्याला, आणि ते प्रेक्षकांसाठी नाही, रुक्मिणीसाठी.

मासुंदाकाठी

मी मत थोडं बदलतो. पुण्याचं 'प्रिये पहा' आणि ठाण्याचा बलराम एकाच प्रयोगात मिळाले असते तर चार तास बसलो असतो. पण थिएटर चार तास देत नाही आणि मला शेवटची ठाणे लोकल पकडायची नसली तरी मागे बसलेल्या कर्जत-कसाऱ्याच्या लोकांना असते. तेव्हा काय कापायचं हा प्रश्न दर प्रयोगाला राहणार आणि संस्था समोर कोण बसलंय ते बघून ठरवणार. मला विचाराल तर गद्य कापू नका. पदं रेकॉर्डवर, रेडिओवर, मैफलीत जिवंत आहेत. यतीच्या पाया पडणारा बलराम कुठल्याही रेकॉर्डवर मिळणार नाही.

नारायणपेठी

यावर वाद घालायला एकदा तुमच्याकडे येऊन बघायला हवं. या संस्थेचा ठाण्यातला पुढचा प्रयोग लागला की धाग्यावर टाका, शिवनेरी बसने येतो. घाणेकर नाट्यगृहाला असेल तर आधी सांगा, ते स्टेशनपासून लांब पडतं म्हणे. आणि 'प्रिये पहा'ला वन्स मोअर मी देणार, आजूबाजूच्यांनी वळून बघितलं तरी.

मासुंदाकाठी

द्या. ठाणेकर साथ देतील. तिकिटं मी काढतो, पैसे जीपे करा.

खारेगावचा_खवय्या

तीन तिकिटं. मध्यंतराच्या वड्याचा आढावा मी लिहीन.

ऑर्गनवाला

माइक कुठले आहेत ते मी आधी विचारून सांगतो, म्हणजे कुणी कुठे बसायचं ते ठरवता येईल. फूट माइक असतील तर नारायणपेठी पुढे, चरईची चिमणी बाल्कनीत.